चोरीचे सॉफ्टवेअर : कंपन्यांचा आकडा आणि आपला हिशेब

आपल्या धंद्यात संगणक आता चैनीची चीज राहिलेली नाही. भिवंडीच्या पेढीवर खतावणी संगणकावर चालते. सोलापुरात चादरीचा नक्शा संगणकावर तयार होऊन जॅकार्डला जातो. भरतकामवाल्यांचे पंचिंग, प्रेसवाल्यांच्या निकाहच्या पत्रिका, दुकानाच्या पाट्या, सगळे काम त्याच मशीनवर होते. मशीन घेताना आपण पक्की पावती मागतो, गॅरंटी विचारतो, दोन दुकाने फिरून भाव पाडतो. पण मशीनच्या आत जे सॉफ्टवेअर भरलेले असते त्याची पावती आपल्यापैकी किती जणांकडे आहे? दुकानदार म्हणतो, "सगळे टाकून देतो, शेठ," आणि शेठ खूश होतात. हा माल डुप्लिकेट आहे हे दोघांनाही ठाऊक असते.

या विषयावर दोन बोली ऐकू येतात. कंपन्या म्हणतात, या चोरीने आमचे अब्जावधी डॉलर बुडाले. आपला माणूस म्हणतो, अमेरिकेच्या शेठकडे काय कमी आहे, माझ्या एका कॉपीने त्याचे काय बिघडणार? माझ्या मते दोन्ही हिशेब चुकीचे आहेत. कंपन्यांचा आकडा फुगवलेला आहे यात शंका नाही. पण तेवढ्याने आपली बाजू साफ होत नाही. खरे नुकसान कोणाचे होते ते तिसऱ्याच ठिकाणी पाहावे लागते, आणि ते ठिकाण आपल्या घराच्या फार जवळ आहे.

आकडा कसा तयार होतो?

बड्या सॉफ्टवेअर कंपन्यांची 'बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्स' नावाची एक संघटना आहे. ती १९८८ साली स्थापन झाली. तिने अनेक वर्षे जगभरच्या सॉफ्टवेअर चोरीचे आकडे प्रसिद्ध केले. २०११ सालच्या पाहणीत तिने जगातील ४२ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना असल्याचे म्हटले आणि त्याची किंमत ६३.४ अब्ज डॉलर लावली. त्यात भारताचे प्रमाण ६३ टक्के आणि किंमत २.९ अब्ज डॉलर होती. २०१७ सालासाठी भारताचे प्रमाण ५६ टक्क्यांवर आल्याचे सांगण्यात आले.

आता या आकड्यामागची रीत पाहा. देशात किती संगणक आहेत आणि प्रत्येकावर साधारण किती सॉफ्टवेअर असते याचा अंदाज बांधायचा. त्यातून पैसे देऊन घेतलेले सॉफ्टवेअर वजा करायचे. जे उरेल ते चोरीचे धरायचे आणि त्याला बाजारभावाने गुणायचे. म्हणजे ज्या गरीब पोराने फुकट मिळाले म्हणून दहा हजारांचे सॉफ्टवेअर मशीनमध्ये टाकले, तो नाहीतर दहा हजार रोख मोजून ते विकत घेणार होता, असे मानल्यासारखे झाले.

कापडाच्या व्यापाऱ्याला यातली गोम समजावून सांगायला नको. सहा हजारांच्या बनारसीची नक्कल सहाशेला विकली गेली, तर नक्कल घेणारी प्रत्येक बाई अस्सल साडीची ग्राहक होती काय? शंभरातल्या काही जणी असतीलही, पण बाकीच्या दुकानाची पायरी चढल्या नसत्या. विणकराचे नुकसान झाले, पण ते शंभर गुणिले सहा हजार एवढे नाही.

ही टीका बाहेरून इतकी झाली की २०१०च्या सुमारास संघटनेने स्वतःच 'नुकसान' हा शब्द मागे ठेवून 'विनापरवाना सॉफ्टवेअरची व्यापारी किंमत' असा शब्द वापरायला सुरुवात केली. शब्द बदलला, तरी वर्तमानपत्रांतून तो आकडा नुकसान म्हणूनच छापला जात राहिला.

त्याच वर्षी, एप्रिल २०१० मध्ये, अमेरिकेच्या संसदेच्या हिशेब तपासणी कार्यालयाने नकली आणि चोरीच्या सर्व प्रकारच्या मालाबद्दल अहवाल दिला. तिथल्या सरकारी खात्यांच्या नावाने काही आकडे वर्षानुवर्षे फिरत होते. एक आकडा वर्षाला २०० ते २५० अब्ज डॉलर नुकसानीचा होता, दुसरा साडेसात लाख नोकऱ्या गेल्याचा. त्यांचा मूळ आधार शोधायला गेल्यावर तो सापडला नाही. चोरीचा परिणाम खरा आहे, पण संपूर्ण अर्थव्यवस्थेवर तो किती हे मोजणे अत्यंत कठीण आहे, असे त्या कार्यालयाने नोंदवले. ही कबुली अमेरिकन सरकारच्या स्वतःच्या हिशेबनीसाची आहे.

उलट बाजूच्या आकड्यांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. केरळ सरकारने शाळांतील दोन लाखांहून अधिक संगणकांवर मुक्त सॉफ्टवेअर बसवले आणि २०१९ मध्ये त्यातून ३,००० कोटी रुपये वाचल्याचे सांगितले. काम उत्तमच आहे. पण ही बचतही, सरकारने प्रत्येक मशीनसाठी पूर्ण भावाचे सॉफ्टवेअर घेतलेच असते, असे धरून काढलेली आहे. जी रीत कंपनीच्या आकड्यात खोटी, ती आपल्या आवडीच्या आकड्यात खरी होत नाही.

बड्यांचे नुकसान की बड्यांचा प्रचार?

१९७६ साली मायक्रोसॉफ्ट ही अगदी छोटी कंपनी होती. तेव्हा बिल गेट्स यांनी संगणकाच्या शौकीनांना एक जाहीर पत्र लिहिले. आमचे 'बेसिक' हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी ते विकत घेतले आहे, आणि आमच्या मेहनतीचा मोबदला काढला तर तासाला दोन डॉलरही पडत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. त्यावेळी ती तक्रार रास्त होती, कारण कारखानदार लहान होता.

१९९८ साली हेच गेट्स एका अमेरिकन विद्यापीठात चीनबद्दल बोलले. त्यांचा सूर असा होता की तिथले लोक आज पैसे देत नाहीत, पण चोरी करणारच असतील तर आमच्याच मालाची करावी. एकदा सवय लागली की पुढच्या दहा वर्षांत वसुलीचा रस्ता निघेल. बावीस वर्षांत बोली का बदलली? कारण कंपनी मोठी झाली होती. मोठ्या कंपनीला चोरीची प्रत ही फुकटच्या जाहिरातीसारखी असते.

ही केवळ बोलण्यातली गोष्ट नाही. १९९५ साली गिव्हॉन, महाजन आणि म्युलर या तीन अभ्यासकांनी ब्रिटनमधील स्प्रेडशीट आणि वर्ड प्रोसेसरच्या बाजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे सात वापरणाऱ्यांपैकी सहा जणांकडे चोरीची प्रत होती. पण ज्यांनी पैसे देऊन सॉफ्टवेअर घेतले, त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक जण याच चोरीच्या वापराच्या प्रभावाने ग्राहक झाले होते. शेजारी वापरतो, नोकर तेच शिकून येतो, गिऱ्हाईक त्याच प्रकारची फाइल पाठवते, म्हणून आपणही तेच घेतो.

आपल्याकडे पत्रिका छापणारा कॉरेलड्रॉशिवाय दुसरे नाव घेत नाही. फोटोवाला फोटोशॉपशिवाय घेत नाही. त्यामागे मालाची गुणवत्ता आहेच, पण गल्लीतल्या क्लासमध्ये फुकटच्या कॉपीवर शिकलेल्या हजारो पोरांचाही मोठा वाटा आहे.

मग बुडतो कोण?

व्यापारी बंधूंना 'डंपिंग' हा शब्द माहीत आहे. बाहेरचा कारखानदार लागतीपेक्षाही कमी भावात माल ओततो आणि इथल्या लूमवाल्याचा माल पडून राहतो. चोरीचे सॉफ्टवेअर नेमके हेच करते. जगातील सर्वांत बड्या कंपनीचा सर्वांत महाग माल आपल्या बाजारात शून्य रुपयांत मिळू लागला, तर पुण्याच्या किंवा दिल्लीच्या छोट्या कंपनीचा तीन हजारांचा माल कोण घेणार? बड्या कंपनीला अमेरिकेत आणि युरोपात गिऱ्हाईक आहे. छोट्याला दुसरा बाजार नाही.

याचे उदाहरण उर्दूतच आहे. नस्तालिक खत संगणकावर आणणे सोपे काम नव्हते. अक्षरे तिरकी उतरतात, एकमेकांत मिसळतात आणि प्रत्येक जोडणीचा घाट वेगळा होतो. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडण्या एकेक करून लिहिल्या. मोनोटाइप कंपनीच्या साथीने त्यातून 'नूरी नस्तालिक' तयार झाले आणि १९८१ साली 'जंग' दैनिक त्यात छापले जाऊ लागले. पुढे दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरने १९९४ साली 'इनपेज' बाजारात आणले आणि साध्या संगणकावर उर्दू मजकूर जुळवणे शक्य झाले. उर्दूवर हे फार मोठे उपकार आहेत. ज्यांनी शाळेत तख्तीवर कलम धरला आहे त्यांना त्या मेहनतीची किंमत कळेल.

आपण त्या मेहनतीचे काय केले? इनपेजच्या विनापरवाना प्रती हिंदुस्थान आणि पाकिस्तान दोन्हीकडे गल्लोगल्ली पोचल्या. उर्दू छपाईतील कोणालाही विचारा. बाजार मुळात लहान, त्यात पैसे देणारे थोडे. अशा धंद्यात दुसरी कंपनी चढाओढीला कशी उतरणार? जुन्या इनपेजमधील मजकूर त्याच्या स्वतःच्या सांकेतिक रीतीत असे. त्यामुळे तो इतर सॉफ्टवेअरला वाचता येत नसे आणि इंटरनेटवर शोधूनही सापडत नसे. युनिकोडची सोय असलेली आवृत्ती आल्यावरही अनेक प्रेस जुन्याच कॉपीवर बसून राहिले, कारण नवीसाठी पैसे मोजावे लागत होते. उर्दू वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे नेटवर चित्राच्या रूपात चढत राहिली. हे नुकसान कोणत्याही पाहणीत डॉलरमध्ये मोजलेले नाही. पण ते आपल्या जबानचे झाले.

याच्या उलट टॅलीचे उदाहरण घ्या. शामसुंदर गोयनका हे गिरण्यांना कच्चा माल आणि मशीनचे भाग पुरवत. त्यांना हिशेबासाठी मनासारखे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांचे चिरंजीव भरत गोयनका यांनी ते स्वतः लिहिले. १९८६ साली बंगळूरला कंपनी सुरू झाली. टॅलीच्याही डुप्लिकेट प्रती भरपूर फिरल्या, पण टॅली टिकली. कारण कराचा कायदा बदलतो. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ला व्हॅट आला, १ जुलै २०१७ला जीएसटी आला, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस लागू झाले. प्रत्येक वेळी जुनी चोरीची कॉपी निकामी ठरली आणि गिऱ्हाइकाला कंपनीच्या दारात जावे लागले. खताचे, फाँटचे किंवा नक्शाचे सॉफ्टवेअर असे शिळे होत नाही. एकदा कॉपी झाली की त्याच्या कारीगराची रोजी कायमची तुटते.

तेव्हा चोरीचा परिणाम सगळ्यांवर सारखा नाही. बडा त्यातून गिऱ्हाईक कमावतो आणि छोटा उठतो. 'अमेरिकेच्या शेठचे काय बिघडते' हा सवाल बरोबर आहे. त्याचे फारसे बिघडत नाही, बिघडते ते आपल्यातल्या कारीगराचे.

कायद्याचा तराजू

कायदा काय म्हणतो तेही लक्षात घ्यावे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने ६३-ब हे कलम आले. त्याप्रमाणे जाणूनबुजून चोरीचे सॉफ्टवेअर संगणकावर वापरणे हाच गुन्हा आहे. कमीत कमी ७ दिवस आणि जास्तीत जास्त ३ वर्षे कैद, तसेच ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. वापर धंद्यासाठी किंवा फायद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते. पेढीवरच्या मशीनला ही सवलत मिळणे कठीण. विकणारा पकडला जाईल, आपले काय, या भ्रमात कोणी राहू नये.

आता दुसरे पारडे पाहा. आमच्या साडीचा किंवा चादरीचा नोंदलेला नक्शा कोणी चोरला, तर २०००च्या डिझाइन कायद्याप्रमाणे प्रत्येक उल्लंघनाला २५ हजारांपर्यंत, आणि एका नक्शामागे एकूण ५० हजारांपर्यंतच रक्कम ठरलेली आहे. यापेक्षा अधिक हवे असेल तर नुकसानभरपाईचा दावा लावा आणि कोर्टाच्या पायऱ्या चढा. नक्शा नोंदलेलाच नसेल तर हाल आणखी वाईट. कारखान्यात त्याच्या ५० हून अधिक नगांची पैदास झाली की त्यावरचा कॉपीराइटही संपतो. सॉफ्टवेअरवाल्याच्या मेहनतीला तुरुंगाचे संरक्षण आणि विणकराच्या मेहनतीला एवढेच. हा तराजू सरळ नाही, आणि आपल्या संघटनांनी हे सरकारदरबारी ठासून सांगितले पाहिजे.

परंतु सांगायला जाताना आपले हात स्वच्छ हवेत. बनारसी साडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मालेगाव-भिवंडीतील कित्येक मोमीन घराण्यांचे मूळ त्या पूर्वेकडच्या मुलखात आहे. तिथल्या नक्शाबंदांची नक्कल पॉवरलूमवर निघते तेव्हा आपल्याला दुःख होते. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कारागिरांचे नावही घेतले नाही, तेव्हा सारा महाराष्ट्र रागावला. २०१९ साली मानांकन मिळालेल्या वस्तूची ही गत. तो राग योग्यच होता. मग चोरीच्या सॉफ्टवेअरवर नक्शा काढून, 'आमचा नक्शा चोरला' अशी तक्रार आपण कोणत्या तोंडाने करणार? हाताने पाहिलेली आणि डोक्याने रचलेली मेहनत ही मालमत्ता आहे, हे तत्त्व एकतर दोघांसाठी खरे आहे, नाहीतर कोणासाठीच नाही.

रोजीचा प्रश्न

काही दीनदार मंडळी म्हणतात की इल्म ही विकण्याची वस्तू नाही, म्हणून कॉपी करण्यात हरकत नाही. पूर्वीच्या काही उलमांनी किताबांच्या हक्कराखणीबद्दल शंका घेतली होती हे खरे. पण डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथे इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेच्या फिक्ह अकादमीने ठराव केला. व्यापारी नाव, ट्रेडमार्क, लेखन आणि शोध यांवरील हक्क शरियतच्या दृष्टीने मालकीचे हक्क आहेत आणि त्यांवर अतिक्रमण करता येणार नाही, असा तो ठराव आहे. ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या मुफ्ती साहेबांना जरूर विचारावे. मात्र मसला विचारताना 'फुकट मिळते' हे सांगून थांबू नये. 'मी त्यावर रोज कमाई करतो' हेही सांगावे.

मापात एक इंच कमी दिले तर आपण हराम म्हणतो. दुसऱ्याच्या अवजारावर विनापरवाना वर्षभर कमावले तर त्याला हुशारी म्हणतो. नफ्याचा हिशेब वेगळा आणि इमानाचा वेगळा, असे दोन चोपडे ठेवता येत नाहीत.

काय करता येईल?

महागाईची तक्रार खोटी नाही. २०११ साली अमेरिकेतील सोशल सायन्स रिसर्च कौन्सिलने भारतासह अनेक देशांचा अभ्यास करून हेच सांगितले की गरीब देशांतील चोरीचे मूळ लोकांच्या कमाईच्या मानाने भलत्या किमतीत आहे. पण माल महाग असेल तर व्यापारी तीन गोष्टी करतो. स्वस्त पर्याय शोधतो, एकत्र खरेदी करतो, नाहीतर त्या मालाशिवाय काम चालवतो. इथेही तेच करावे.

पहिली गोष्ट, पेढीवरच्या प्रत्येक मशीनमध्ये काय काय आहे याची यादी करा. निम्म्या वस्तू वापरातच नसतात असे आढळेल. त्या काढून टाका.

दुसरी गोष्ट, कायदेशीर रीतीने फुकट मिळणारे सॉफ्टवेअर वापरा. पत्रे आणि तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस आहे. नक्शा आणि पत्रिकांसाठी इंकस्केप, फोटोसाठी गिंप आहे. भरतकामाच्या पंचिंगसाठी इंकस्केपला जोडून चालणारे इंकस्टिच आहे. नस्तालिकचे मोफत युनिकोड फाँटही मिळतात. यांच्या निर्मात्यांनी ते खुशीने दिलेले आहे, त्यामुळे यात कोणाचा हक्क मारला जात नाही. पोरांना क्लासमध्ये हेही शिकवा. सुरुवातीला महिनाभर हात अडखळेल, पुढे बसेल.

तिसरी गोष्ट, ज्या सॉफ्टवेअरवर रोजची कमाई आहे ते पक्क्या बिलाने घ्या. लूमला बीम आणि तेल लागते तसा हाही धंद्याचा खर्च आहे. हिशेबात तो खर्च दाखवता येतो आणि बिलावरचा जीएसटी नियमाप्रमाणे वजा मिळतो. दोन माल सारख्या योग्यतेचे असतील तर आधी देशी छोट्या कंपनीचा विचार करा.

चौथी गोष्ट, विणकर आणि छपाईवाल्यांच्या संघटनांनी कंपन्यांशी एकत्र भाव ठरवावा. पन्नास परवाने मागणाऱ्या गिऱ्हाइकाशी कंपनी वेगळ्या बोलीत बोलते.

पाचवी गोष्ट, स्वतःच्या नव्या नक्शाची नोंदणी माल बाजारात आणण्यापूर्वी करून घ्या. नोंदणी दहा वर्षांची असते आणि ती पाच वर्षे वाढवता येते. बाजारात माल गेल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

कंपन्यांच्या फुगवलेल्या आकड्यांना भिण्याचे कारण नाही. पण ते आकडे खोटे ठरले म्हणून आपली चोपडी साफ होत नाही. आपण कारीगरांची कौम आहोत. हाताची आणि डोक्याची मेहनत हेच आपले भांडवल आहे. दुसऱ्याच्या मेहनतीची किंमत देण्याची सवय ज्या बाजारात नसते, तिथे आपल्या मेहनतीलाही किंमत मिळत नाही. ही सवय आपल्या पेढीपासून सुरू व्हावी.